मिटलं आणि फिटलं

सावेडी, अहिल्यानगर
७ सप्टेंबर २०२५

ती. गहिनीनाथमामांना,
साष्टांग नमस्कार.

फोन न करता पत्र आलं म्हणून दचकू नका, आई ठणठणीत आहे. तुमचा फोन वर्कशॉपमध्ये कायम स्पीकरवर असतो. मागच्या वेळी मी बोलत होते, तर जळकी मोटर नवी तार भरून न्यायला आलेलं कुणी गिऱ्हाईकच मधून म्हणालं, "पोरगी बरोबर बोलती, मामा." आजचा विषय गिऱ्हाइकांपुढचा नाही.

ज्यांच्या चष्म्याच्या दुकानात मी चार वर्षं डोळे तपासते, ते नृसिंहकाका जोशी दुकान विकतायत. त्यांची मुलगी बंगळुरूला असते, ती दोघांना तिकडे बोलावतेय. दुकान, तपासणीचं मशीन, काचा घासायचं मशीन आणि चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं, सगळं मिळून चौदा लाख. पुण्याची एक कंपनी जास्त द्यायला तयार आहे. पण काका म्हणतात, "तुलाच द्यायचंय. गुढीपाडव्यापर्यंत थांबतो. त्यापुढं तुझी विजयाकाकू मला थांबू देणार नाही."

चार लाख माझ्याकडे साठलेत. दहाचं कर्ज मागितलं, तर पहिल्या बँकेतल्या साहेबांनी कम्प्युटरकडे बघून मान हलवली. "मॅडम, सिबिल." मग मी आणखी पाच ठिकाणी अर्ज टाकले. सगळीकडे तीच मान, तोच शब्द. पुण्यात असताना माझ्या क्रेडिट कार्डाचं देणं थकलं होतं हे खरं. पण ते तर २०२१ सालीच मिटलं. तसा बँकेचा कागद आहे माझ्याकडे.

इथं एक एजंट भेटलाय. पंधरा हजार द्या, म्हणतो, तुमची खराब नोंद पुसून टाकतो.

दुसरा रस्ता तुमच्याकडून जातो, म्हणून हे पत्र. कर्ज तुमच्या नावावर काढाल का? तुमचं नाव बँकेत चालतं. हप्ते मी भरेन. आईला यातलं काही बोललेले नाही, तुम्हीही बोलू नका.

तुमची भाची,
ज्ञानेश्वरी

*

देवळाली प्रवरा
१४ सप्टेंबर २०२५

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

पत्राला पत्रानंच उत्तर देतो. फोनवर तू "हो मामा, हो मामा" करतेस आणि ठेवल्यावर तुझंच खरं करतेस. कागद परत वाचावा लागतो.

आधी नकार सांगतो, म्हणजे पुढचं नीट वाचशील. माझ्या नावावर कर्ज काढणार नाही. मामा चिक्कू झाला असं वाटून घेऊ नकोस. समज, मी काढलं, तू सात वर्षं हप्ते भरलेस, एकही चुकवला नाहीस. तर बँकेत शहाणा कोण ठरेल? मी! मला आता आणखी शहाणं ठरायची गरज नाही, पोरी. घाम तुझा आणि पत माझी वाढणार, हा कुठला धंदा?

मी सायकलीला पिशवी अडकवून गावोगाव मोटारी भरत हिंडायचो, तेव्हा श्रीरामपूरच्या तांब्याच्या तारेच्या व्यापाऱ्यानं मला पाच किलो तार उधार दिली. माझा बाप कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. आधीच्या एका किलोचे पैसे मी सांगितल्या वारी आणून दिले होते, एवढंच त्याला ठाऊक होतं. पत अशी येते. उसनी आणली तर ज्याची त्याच्याकडं परत जाते.

आता मुद्द्याचं. मोटर आली की मी उघडायच्या आधी कान लावतो, हे तू लहानपणी बघितलंयस. तुझ्या पत्रालाही लावला. एक शब्द खरखरला. तू लिहितेस, देणं "मिटलं". अगं, बांधावरचं भांडण मिटतं. व्याह्यांचं रुसणं मिटतं. कर्ज फिटतं! पूर्ण पैसे भरलेस, की काही सोडून घेतलंस?

तो सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जफेडीचा, रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. स्वतः काढ आणि त्या कार्डापुढं कुठला शब्द लिहिलाय तो मला कळव. एजंटला पैसेही देऊ नको आणि मोबाईलवर आलेला ओटीपीही सांगू नको. नोंद चुकीची असेल तर फुकटात तक्रार करता येते, आणि खरी असेल तर त्याचा बाप आला तरी पुसता येत नाही. आणि नवे अर्ज टाकणं आजपासून बंद. एका महिन्यात सहा दारं वाजवलीस की सातव्याला वाटतं, हिला एवढी निकड कशाची?

दुकान घ्यायचंच आहे. तुझ्याच नावावर घ्यायचं आहे. त्याबद्दल शंका नाही.

तुझा मामा,
गहिनीनाथ

*

सावेडी
२८ सप्टेंबर २०२५

ती. मामा,
सा. नमस्कार.

तुमचा नकार वाचून पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा वाचताना हसले. रिपोर्ट काढला. आकडा नऊशेपैकी सहाशे अठरा. आणि कार्डापुढं शब्द आहे, "सेटल्ड". बँकेतल्या ओळखीच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही पूर्ण दिले नाहीत, बँकेनं मिळाले तेवढे घेऊन बाकीचे सोडले. पूर्ण भरणाऱ्यापुढं 'क्लोज्ड' असतं."

तुमच्या कानाला नमस्कार. आता तुमच्यापासून लपवलेलं सांगते.

लॉकडाऊनमध्ये पुण्याची नोकरी गेली. कार्डाचं देणं व्याजासकट ब्याण्णव हजारांवर गेलं. वसुलीवाल्याचा दिवसातून चारदा फोन. मी घाबरून उचलायची नाही. एके दिवशी आईनं उचलला. आयुष्यभर बेलापूरच्या बाजारात भाजी विकलेली बाई! मी शेजारीच होते, त्यामुळे शब्दन् शब्द आठवतो.

"काय रं, नाव काय तुझं?"
तो म्हणाला, "राम."
"रामा, माझ्या पोरीनं जेवन सोडलंय तुझ्या फोनापायी. किती दिऊ म्हंजी तुझं त्वांड बंद हुईल?"

तो सत्तर हजारांवर आला. आई पंचविसावर. तो पंचावन्न, आई तीस. शेवटी ही म्हणाली, "एकेचाळीस. घेतोस तर घे, न्हाई तर मी चालले म्हशीची धार काढाय," आणि फोन ठेवला. मामा, आमच्याकडे म्हैस कधी नव्हतीच! दहा मिनिटांत त्याचा फोन आला, "चालेल, मावशी." आईनं भाजीच्या पैशातले एकेचाळीस हजार काढून दिले आणि शेजारी पेढे वाटले. ही गोष्ट तिनं आजवर तीन लग्नांत आणि एका दहाव्याला सांगितली आहे.

आता तिला कसं सांगू, की तू वाचवलेल्या एक्कावन्न हजारांपायी माझं दुकान अडलंय?

एजंटला नाही म्हटलं. पण त्याआधी दोन हजार ॲडव्हान्स देऊन बसले होते, ते गेले. रागावू नका.

ज्ञानेश्वरी

*

देवळाली प्रवरा
५ ऑक्टोबर २०२५

चि. माऊ,
आशीर्वाद.

म्हशीचं वाचून एवढा हसलो की तुझी मामी चहा टाकून बघायला आली. दोन हजार गेले ते शिकवणीची फी समज. स्वस्तात शिकलीस.

आता ऐक. त्या कार्डाच्या बँकेला लेखी अर्ज दे, की सोडून दिलेली रक्कम भरायची आहे, आकडा लेखी कळवा. आकडा आला की पैसे फक्त बँकेच्या खात्यात भर, कुणा रामाच्या नाही आणि श्यामाच्याही नाही. काही बाकी नसल्याचा दाखला घे, आणि शब्द बदलून घे.

हे चालू असताना नवी पत उभी करायला लाग. पंचवीस हजारांची ठेव ठेव. ठेवीवर बँक कार्ड देते, तिथं सिबिल आडवं येत नाही. त्या कार्डावर किराणा आणि वीजबिल, बस्स. मर्यादा पंचवीसची असली तरी सात-आठ हजारांच्या वर जायचं नाही. ताट भरून वाढलं म्हणून सगळंच खायचं नसतं. आणि बिल आलं की तारखेआधी सगळं भरायचं. "कमीत कमी एवढे भरा" असं खाली गोड बोलून लिहिलेलं असतं, तिकडं बघायचंसुद्धा नाही. मागच्या वेळी तू तिथंच घसरलीस, बरोबर ना?

जोशीकाकांना म्हण, दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत दुकान मी भाड्यानं चालवते. कर्ज देणाऱ्याला तुझ्या नावावरचा गल्ला दिसू दे.

राहिली अक्का. तिला सांगू नकोस. गुपचूप भरून टाक. म्हाताऱ्या माणसाची एक लढाई जिंकलेली आहे, ती तशीच राहू दे. मी तिचा भाऊ आहे, तिला ओळखतो.

गहिनीनाथमामा

*

सावेडी
९ नोव्हेंबर २०२५

मामा,

तुम्ही तिला ओळखत नाही!

मी अर्ज दिला. ठेव ठेवली, कार्ड आलं. नृसिंहकाकांनी दुकान भाड्यानं दिलं, दिवाळीत पहिल्याच आठवड्यात अकरा चष्मे गेले. सगळं तुम्ही सांगितलं तसं चाललं होतं. आणि काल मी अंघोळीला गेलेली असताना बँकेचा फोन आला. आईनं उचलला.

"मॅडम, ते राहिलेले एक्कावन्न हजार भरायचं म्हणत होतात ना?"

मी बाहेर आले तेव्हा ती त्या बिचाऱ्याला सुनावत होती. "मिटलेलं उकरतोस व्हय रं? लाज न्हाई वाटत? परत फोन केलास तर तुझ्या ब्यांकेच्या दारात येऊन बसंन!" मी फोन काढून घेतला आणि मला सगळं सांगावं लागलं. संध्याकाळी तिनं पिशवी भरली. सकाळच्या एसटीनं तुमच्याकडे निघाली आहे. हे पत्र पोचेल तेव्हा ती तुमच्या ओट्यावर बसलेली असेल.

जाताना एवढंच म्हणाली, "मी तुला बुडवली म्हन की सरळ."

मामा, दुकान गेलं तरी चालेल. हे वाक्य नको.

माऊ

*

देवळाली प्रवरा
१३ नोव्हेंबर २०२५

चि. माऊ,

तुझं पत्र यायच्या दोन दिवस आधी अक्का आली. ओट्यावर नाही, थेट वर्कशॉपमध्ये. चार माणसं मोटारी घेऊन उभी, आणि ही म्हणते, "गहिन्या, पोरीला मागनं शिकवतोस व्हय? माझ्या म्होरं बोलायची छाती न्हाई?"

मी चुकलो, असं सगळ्यांदेखत म्हणालो. गिऱ्हाइकं खूश झाली. मग तिला आत नेलं, तुझ्या मामीनं, पुष्पावतीनं ताक दिलं. दोन दिवस ती धान्य पाखडत राहिली. मी विषय काढला नाही. तापलेली मोटर पण नुसती बसू द्यावी लागते.

तिसऱ्या दिवशी शेंगा निवडत म्हणाली, "निम्म्या पैशात घेतलेली वस्तू खोटी असती का रं? मग ह्यात काय वाईट झालं?"

मी म्हणालो, "अक्का, बाजारात तुझ्याकडनं उधारीनं भाजी न्यायचा तो हॉटेलवाला कोण गं?"

"राधाकृष्ण. त्याचं काय?"

"त्यानं पैसे दिले का?"

"कसलं देतो मेला! सहा हजार थकवलं. शेवटाला तीन हातावर टिकवलं, म्हनला, मावशी, मिटवून टाका. म्या म्हनलं, जाऊ दे, भांडन नको. मिटवलं."

"मग परत त्याला उधार दिलीस?"

"त्याला? मेथीची जुडी न्हाई दिली! दारात आला तरी म्हनायचे, आदी रोख."

माऊ, मी तोंड उघडलेलं नव्हतं. तिनं हातातली शेंग परत सुपात टाकली. म्हणाली, "म्हंजी त्या ब्यांकेच्या लेखी माझी पोर राधाकृष्ण झाली?"

मी म्हणालो, "तुझी चूक नाही अक्का. पोरगी जेवत नव्हती तेव्हा तू तिला जेवायला बसवलंस. त्या वेळी तेच बरोबर होतं."

"ते मला नको सांगू," म्हणाली. "एसटी किती वाजता हाय ते सांग."

तर ती परत निघाली आहे. मी तिला ओळखत नाही, हे तुझं खरं. आता तिच्या आणि बँकेच्या मध्ये उभी राहू नकोस.

मामा

*

सावेडी
२० डिसेंबर २०२५

चि. गहिन्यास,
तुझ्या अक्काचा, बनुबाईचा आशीर्वाद.

माऊ म्हनली, तू सांग, मी लिवते. म्या म्हनलं गप, चौथी शिकले हाय.

ब्यांकेत गेल्ते. एकदा न्हाई, तीनदा. माऊला दुकानाचा खाडा नको म्हनून तिच्या सहीचा कागद घिऊन येकटीच. पयल्या दिशी खिडकीवरलं पोरगं कम्प्युटर बगून म्हनलं, "आजी, तुमच्या पोरीचं काय बी देनं न्हाई. हितं शून्य दिसतंय." म्या म्हनलं, "बाबा, ते शून्य तुमी सोडून दिल्यालं हाय. मला सोडल्यालं नको. घ्या." तर म्हनतंय, खातं बंद हाय, घेता येत न्हाई! जल्मात असं बगितलं न्हवतं. आमी पैसं घिऊन बसलेलो आन ब्यांक नको म्हनती.

दुसऱ्या येळेला आत राजेश्वरी नावाची म्यानेजर बाई गाठली. भली हाय. तिनं वरच्या हापिसाला लिवलं. म्हनली, आजी, सोळा वर्सं नोकरी केली, असं मागं येऊन भरनारं पयलंच मानूस बगते.

तिसऱ्या येळेला वरनं उत्तर आलं. बाई म्हनली, "आजी, साहेब म्हनत्यात, येकदम भरताय तर तीस हजारात करून टाकू."

गहिन्या, तुज्यापशी खोटं बोलत न्हाई. माज्या जिभंवर "पंचवीस" आलं हुतं. गिळलं. पानी प्याले. म्हनलं, "बाई, येक रुपाया कमी घेशील तर मी हितनं उठनार न्हाई."

पुरं एक्कावन्न भरलं. निम्मं माऊचं, निम्मं माजं. दाखला दिला. म्या म्हनलं, ह्याच्यावर मराठीत लिव, कर्ज पूर्ण फिटलं. बाई म्हनली, इंग्रजीत हायच की. म्हनलं, इंग्रजीतलंच आमाला चार वर्सं कळलं न्हाई. मग लिवलं आन सही केली.

पुष्पावतीला सांग, ताक आंबट हुतं.

बनुबाई

*

सावेडी, अहिल्यानगर
१२ मार्च २०२६

ती. मामांना,
साष्टांग नमस्कार.

आज कर्ज मंजूर झालं. दहा लाख, सात वर्षं, माझ्या नावावर, माझ्या सहीनं.

जानेवारीत रिपोर्ट काढला तेव्हा शब्द जुनाच होता. दाखला जोडून तक्रार टाकली. फेब्रुवारीत "क्लोज्ड" आलं. आकडा सातशे सात. मधले थकलेले महिने अजून दिसतातच, ते दिसत राहणार. बँकेतल्या साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. मी आडपडदा न ठेवता सांगितलं, की नोकरी गेली तेव्हा थकले, नंतर सगळे भरले, हा दाखला. त्यांनी दुकानाचा चार महिन्यांचा गल्ला बघितला. व्याज अर्धा टक्का जास्त लावलंय. तीन वर्षं नीट भरले की कमी करून मागणार आहे, आईला बरोबर नेऊन.

उद्या नृसिंहकाकांबरोबर कागद करायचे. विजयाकाकूंनी बंगळुरूची तिकिटंसुद्धा काढली.

आता दुसरी गोष्ट. ही तुम्हाला कुणी फोडणी देऊन सांगायच्या आधी माझ्याकडून कळावी.

काल समर्थ आला होता. तुमचा मुलगा एरवी मोकळ्या हातानं येतो, काल पेढे घेऊन आला, तेव्हाच आईनं मला डोळा घातला. चहा ठेवला आणि त्यानं विषय काढला. "ताई, तुझं सिबिल झकास झालंय म्हणे. माझी बाईक बसत नाही कर्जात, मोबाईलचे दोन हप्ते बाउन्स झालेत. तुझ्या नावावर घेऊ. पेट्रोलसकट सगळं मी बघतो."

मी नाही म्हटलं.

"मामाच्या पोराला नाही म्हणतीस?"

"मामाच्या पोरालाच नाही म्हणते," मी म्हटलं. "परक्याला फक्त नाही म्हटलं असतं. तुला म्हणते, रविवारी ये, तुझा रिपोर्ट काढू. दोन हप्ते आधी भर. वर्षभरानं बाईक तुझ्या नावावर घेशील."

चहा तसाच ठेवून गेला. पेढे मात्र राहिले.

घरी जाऊन तो काय बोलला असेल, याचा मला अंदाज आहे. मामी रुसल्या असतील. त्यांची समजूत तुम्ही काढा, ते माझ्याच्यानं होणार नाही. तुम्हीही रागावला असाल तर रागवा. सहा महिन्यांपूर्वी मी घाबरून "बरं" म्हटलं असतं आणि रात्रभर जागले असते. काल नाही म्हणताना माझा आवाज हलला नाही, आणि नंतर पोटभर जेवण गेलं.

पाडव्याला सकाळी दहा वाजता दुकान उघडतेय. पाटीवर माझं नाव आहे. तुम्ही, मामी, समर्थ, तिघंही या. तो नाही म्हणाला तर त्याला सांगा, ताईनं आपल्या दुकानात पहिली तपासणी तुझी ठरवली आहे. लांबचं त्याला दिसत नाही, हे मी काल त्याच्या डोळे बारीक करून बघण्यावरूनच ओळखलंय.

तुमची,
ज्ञानेश्वरी